नोकरी कोडिंगची, शिकायचे आहेत जलरंग: नेमकी सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: दिवसभर सॉफ्टवेअरचं काम, वय पस्तिशीच्या आसपास. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या होत्या, त्यानंतर ब्रश हातात धरलेला नाही. आता जलरंगात निसर्गचित्रं करायची आहेत. चोवीस रंगांचा सेट आणलाय, व्हिडिओ बघून सराव चाललाय; पण रंग मळकट होतात, ओले असताना छान दिसणारे वॉश (पाणीदार रंगाचे सलग थर) सुकल्यावर फिके पडतात आणि आकाशात वेड्यावाकड्या कडांचे डाग उमटतात. रोज अर्धा तास मिळतो. क्लास लावावा का, आणि चुकतंय कुठे?

तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतांशी एकच आहे: कागदावर आणि ब्रशमध्ये त्या क्षणी किती पाणी आहे, याचा अंदाज अजून बसलेला नाही. रेखाटन, रचना, रंगसंगती हे सगळं लागतंच, पण पहिले तीन-चार महिने पाणी ओळखण्यात घातले तर पुढचं बरंच सुटसुटीत होतं. आणि इथे तुमच्या पेशातली एक सवय फार कामाची आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं.

आधी सामान. पैसे रंगांवर नाही, कागदावर घाला. स्वस्त कागदावर कसलेल्या चित्रकाराचा वॉशही बिघडतो. मग नवशिक्याला आपला हात चुकला की कागदाने दगा दिला, हे कळायला मार्गच उरत नाही. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा, शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस्ड म्हणजे मध्यम खरखरीत कागद घ्या. पूर्ण शीट २२ × ३० इंचांची असते. तिचे साडेसात × अकरा इंचांचे आठ तुकडे होतात आणि शिकायला हे माप अगदी पुरेसं आहे. लाकडाच्या लगद्याचा साधा कागद ओल फार वेळ धरत नाही, ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेगाने सुकतो आणि त्यावर नको तिथे कडक कडा बसतात. तो फेकू नका, पेन्सिलीच्या आणि टोनच्या, म्हणजे गडद-फिक्या पातळ्यांच्या, छोट्या आराखड्यांना वापरा.

कागदावर सरसाचा किंवा तशाच पदार्थाचा एक लेप असतो, त्याला साइझिंग म्हणतात. पाणी काही काळ पृष्ठभागावर थांबतं ते या लेपामुळे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेत किंवा इतरत्र हातकागद घ्याल तेव्हा तो जलरंगासाठीच बनवलेला आहे का ते विचारा, आणि घरी आल्यावर कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. थेंब मिनिटभर वर उभा राहिला तर ठीक. लगेच आत शिरून मागच्या बाजूला ओल दिसली तर तो कागद निमंत्रणपत्रिकेला चांगला, वॉशला नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा लेप दमटपणाने आणि बुरशीने खराब होतो. वरून कागद कोरा करकरीत दिसतो, पण वॉश दिला की मध्येच गडद ठिपके आणि चट्टे उठतात. त्यावर इलाज नाही. म्हणून जूनच्या आधी कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद करा आणि लागेल तेवढेच तुकडे बाहेर काढा.

रंग सहा पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, गुलाबीकडे झुकणारा एक लाल, अल्ट्रामरीन ब्लू आणि थॅलो ब्लू. ट्यूबवरच्या नावापेक्षा मागे बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू पीबी १५, लालासाठी पीव्ही १९ चांगला. जुना ॲलिझरिन क्रिमझन, पीआर ८३, उजेडात उडतो, टाळा. स्टुडंट दर्जाच्या रंगात रंगद्रव्य कमी आणि भराव जास्त असतो, त्यामुळे गडद छटा मिळवताना दमछाक होते. सहाच रंग घ्यायचे असल्याने आर्टिस्ट दर्जाच्या लहान ट्यूब परवडतात. पोस्टर कलर मात्र जलरंग म्हणून वापरू नका. इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राला बहुतेकांनी पोस्टर कलर वापरलेले असतात आणि पांढरा मिसळून रंग फिका करायची सवय तिथली आहे. जलरंगात फिकेपणा पाण्याने येतो, पांढरा म्हणजे कागदच. पांढरा रंग मिसळला की पारदर्शकपणा जातो आणि मळकटपणाची सुरुवात तिथून होते.

ब्रश तीन: टोक नीट जुळणारा गोल १० नंबर, गोल ४ नंबर आणि एक इंची चपटा. सिंथेटिक चालतील. ब्रश पाण्याच्या भांड्यात उभे सोडू नका. टोक कायमचं वाकतं आणि पाणी धातूच्या कड्यात शिरून मुठीचा रंग सुटतो. याशिवाय पाण्याची दोन भांडी, एक धुवायला आणि एक स्वच्छ, जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा तुकडा, मास्किंग टेप, आणि कागद चिकटवायला एक पाट किंवा ॲक्रिलिकचा तुकडा. पाटाखाली डस्टर किंवा जाड पुस्तक सारून तो पंधराएक अंशांत कलता ठेवायचा. सपाट टेबलावर पाणी कुठेही तळं करतं, कलत्या पाटावर ते एकाच दिशेने येतं आणि ताब्यात राहतं.

पहिला सराव सपाट वॉशचा. चार बाजूंनी टेप लावलेल्या तुकड्यावर रंगवायचं आहे, तर पॅलेटमध्ये अल्ट्रामरीनचं मिश्रण किमान दोन चमचे, म्हणजे दहा मिली, आधीच करून ठेवा. अर्धं उरलं तरी चालेल. कमी पडलं तर मध्येच नवीन घोळण्यात मिनिट जातं आणि तेवढ्यात कागदावरची कड सुकते. भरलेला चपटा ब्रश वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे एकदा न्या. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाची एक फुगीर ओळ साचेल. ब्रश पुन्हा भरा आणि दुसरा पट्टा असा ओढा, की तो त्या ओळीला जेमतेम स्पर्श करेल. ओळ खाली सरकते. असं तळापर्यंत. वरच्या पट्ट्यात काही चुकल्यासारखं दिसलं तरी परत जायचं नाही. तळाला साचलेली ओळ पिळलेल्या ब्रशने उचलून घ्या, कारण ती तशीच राहिली तर अर्धवट सुकलेल्या वॉशमध्ये वर चढते आणि डाग पाडते. असे दहा-बारा वॉश नीट येईपर्यंत चित्राकडे वळू नका. कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं आकाश, भिंत, रस्ता, पाणी सगळं यातूनच येतं.

दुसरा सराव हा या उत्तराचा गाभा आहे. एका तुकड्यावर सहा चौकोन पेन्सिलीने आखा. सगळ्या चौकोनांत फिक्या निळ्याचा सारखाच वॉश द्या आणि घड्याळ लावा. पहिल्या चौकोनात लगेच, दुसऱ्यात एक मिनिटाने, मग दोन, चार, सहा आणि दहा मिनिटांनी दाट अल्ट्रामरीनचा एकेक फटकारा द्या. प्रत्येक वेळी आधी कागदाकडे तिरक्या उजेडात बघा आणि चौकोनाखाली लिहा: आरशासारखी चकाकी, मंद चमक, चमक गेलेली पण हाताची पाठ टेकवली की थंड लागणारा, की पूर्ण कोरडा. पंखा चालू होता की बंद, तेही लिहा. सुकल्यावर दिसेल की चकाकत्या कागदावरचा फटकारा पसरून हरवला, मंद चमकेवरचा मऊ कडेने जागेवर थांबला, आणि कोरड्यावरचा धारदार राहिला. दूरचे डोंगर, ढगांचे तळ, झाडांचा घेर यासाठी जो मऊपणा हवा असतो तो मंद चमकेच्या टप्प्यात मिळतो. हा टप्पा नागपूरच्या मे महिन्यात मिनिटभरात निसटतो, रत्नागिरीच्या जुलैत बराच वेळ टिकतो. म्हणून व्हिडिओतल्या चित्रकाराची मिनिटं पाठ करून उपयोग नाही; चमक वाचायची.

आता हाच तक्ता पुन्हा करा, पण दाट रंगाऐवजी नुसत्या पाण्याने भरलेला ब्रश टेकवा. मंद चमकेच्या आणि थंड ओलाव्याच्या चौकोनांत तुमच्या आकाशातले तेच डाग तयार होतील. कारण साधं आहे: जास्त पाणी कमी ओल्या भागाकडे धावतं, वाटेतलं रंगद्रव्य पुढे ढकलतं आणि जिथे थांबतं तिथे त्याची कड करून ठेवतं. सुकणाऱ्या थेंबाची कडा गडद का होते, याचा खुलासा शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये केला: थेंबाची कड जागेला चिकटलेली असते, तिथे बाष्पीभवन जास्त होतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि कण सोबत नेतं. सुकणाऱ्या वॉशच्या कडेला बसणारी गडद रेघही याच प्रवाहातून येते. त्यावरून हाताला लावायचा नियम एवढाच: वॉश चमक सोडू लागला की त्यात जाणाऱ्या ब्रशमध्ये कागदावरच्यापेक्षा कमी पाणी हवं. आणि तसं नसेल, तर पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही.

ब्रशमधलं पाणी कमी करायची एक युक्ती आहे. रंगात बुडवलेल्या ब्रशचं टोक कापडाला लावू नका, रंग निघून जाईल. केसांचा मागचा भाग, धातूच्या कड्याला लागून असलेला, कापडावर क्षणभर टेकवा. पोटातलं पाणी कापड ओढून घेतं आणि टोकाशी दाट रंग उरतो. दाटपणा शब्दांत सांगायचा तर तीन पायऱ्या लक्षात ठेवा: कोऱ्या चहासारखा पहिल्या वॉशला, दुधासारखा मधल्या थराला, आणि सायीइतका घट्ट शेवटच्या गडद जागांना.

फिकं पडण्याचं कारणही समजून घ्या. ओल्या कागदात तंतूंमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, प्रकाश कमी विखुरतो आणि रंग खोल दिसतो. पाणी गेलं की त्या जागी हवा येते, प्रकाश जास्त विखुरतो आणि तोच रंग एक पायरी उतरतो. त्यामुळे ओला वॉश ‘बरोब्बर’ वाटला तर तो सुकल्यावर कमीच पडणार. थोडा जास्त गडद वाटेल असाच लावा. किती जास्त, ते प्रत्येक रंगाचं वेगळं असतं. सहाही रंगांच्या पाच-पाच छटांच्या पट्ट्या करून टेबलासमोर चिकटवा.

इथे खूप जण अडकतात, कारण गडद रंगाची भीती वाटते. जलरंग म्हणजे फिकट आणि नाजूक काहीतरी, अशी समजूत असते. ती घालवायला सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ‘ग्लो ऑफ होप’ बघा: हातात दिवा घेतलेली स्त्री. अनेकांना ते तैलचित्र वाटतं, पण ते जलरंगात आहे. ज्योत उजळ वाटते ती भोवतालचे गडद टोन तितके खोल असल्यामुळे. तुमच्या चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळं मधल्या करड्यात दिसत असेल, तर ‘मळकट’ म्हणून जी तक्रार आहे तिचा अर्धा भाग तिथे सापडेल: रंग नव्हे, टोन सारखे झालेत. उरलेला अर्धा भाग अर्धवट सुकलेला थर ब्रशने परत परत घासल्यामुळे आणि धुवायच्या भांड्यातलं गढूळ पाणी वापरल्यामुळे येतो. तीन रंग मिसळले म्हणून आपोआप चिखल होत नाही.

पहिलं चित्र म्हणून मातीचं मडकं ठेवा आणि दोनच रंग घ्या, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. या दोघांत तांबूस, राखाडी, निळसर करडा आणि काळ्याच्या जवळ जाणारा गडद, सगळं मिळतं. मडकं खिडकीजवळ, एका बाजूने उजेड येईल असं. घरातली ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर दोन सावल्या पडून गोंधळ होतो. आधी दोन × तीन इंचांचा पेन्सिलीचा आराखडा, फक्त तीन टोनचा: कागद, मधला, गडद. मग मोठ्या तुकड्यावर हलक्या हाताने एचबी पेन्सिलीने बाह्यरेषा. खोडरबर जोरात घासलं तर साइझिंग निघतं आणि तिथे रंग काळवंडतो, म्हणून मऊ मळता येणारं रबर वापरा.

पहिला थर: उजेडाचा लहान तुकडा कोरा सोडून संपूर्ण मडकं आणि त्याला लागून टेबलावरची सावली, एकाच सलग वॉशमध्ये. मडकं वेगळं, सावली वेगळी असं रंगवलं की वस्तू कापून चिकटवल्यासारखी दिसते. वॉश ओला असतानाच सावलीच्या बाजूला सिएनात थोडं अल्ट्रामरीन सोडा. ते कागदावरच मिसळू द्या, ब्रशने घोळू नका. पूर्ण सुकवा. घाईत हेअर ड्रायर लावायचा तर चकाकी गेल्यावरच. आधी लावला तर हवा साचलेलं पाणी ढकलून कडा करते. दुसरा थर फक्त सावलीच्या भागात, दुधाइतका दाट, आणि उजेडाकडची त्याची कड स्वच्छ ओल्या ब्रशने एकदाच विरवा. तिसरा थर अगदी थोडा: काठाच्या आतली पोकळी आणि मडकं टेबलाला टेकतं ती रेघ. इथे सायीइतका दाट रंग. तिथेच थांबा. इंजिनिअर मंडळींना इथे थांबणं जड जातं, कारण अजून तपशील दिसत असतात आणि दिसलेली उणीव दुरुस्त करायची सवय अंगात भिनलेली असते. जलरंगात दुरुस्तीचा प्रत्येक हात खालच्या थराचा ताजेपणा घेऊन जातो. चुकलं तर तारीख आणि काय चुकलं ते मागे लिहा, आणि तेच मडकं नव्या तुकड्यावर पुन्हा करा. कॉटनचा कागद असेल तर मागची बाजूही वापरता येते.

अशी दोन रंगांतली चित्रं जमू लागली की तिसरा रंग यलो ऑकर घ्या, मग बाकीचे. हिरवा ट्यूबमधून घेऊ नका. सह्याद्रीतला पावसाळी हिरवा तयार व्हिरिडियनने कधीच येत नाही, तो प्लास्टिकसारखा दिसतो. लेमन यलोत अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना घातलं की शेतातला हिरवा येतो. ऑकर आणि अल्ट्रामरीनचा हिरवा दूरच्या डोंगरउताराला चांगला बसतो. थॅलो ब्लू जपून. तो फार जोरकस आहे, कागदात शिरला की उचलून निघत नाही. अल्ट्रामरीन उलट कागदाच्या खळग्यांत दाणेदार बसतो, जुन्या भिंती आणि पावसाळी ढगांना त्याचा उपयोग करून घ्या.

रोजच्या अर्ध्या तासाबद्दल. शनिवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस अर्धा तास बरा, पण त्यातली दहा मिनिटं सामान मांडण्यात जाणार असतील तर हिशोब बसत नाही. एक कोपरा कायमचा मांडलेला ठेवा, कागद आदल्या रात्री चिकटवून ठेवा. दोन दिवस वॉश आणि ओलाव्याचे तक्ते, एक दिवस टोनचे छोटे आराखडे, एक दिवस पूर्ण चित्र, अशी विभागणी पहिले तीन महिने पुरे. रेखाटन ऑफिसात चहाच्या सुट्टीतही होतं. खिशातली वही आणि पेन, खोडायचं नाही. पर्स्पेक्टिव्हचं गणित तुम्हाला येत असेल तर उत्तम, पण पट्टी वापरू नका. पट्टीने आखलेला वाडा आराखडा वाटतो, आणि त्या ताठ रेषांच्या आत रंग भरण्याचा मोह होऊन वॉशचा सलगपणा तुटतो. दिवसभर लॅपटॉपवर मनगट टेकवून काम झालेलं असतं, तेव्हा मोठे वॉश शक्यतो उभं राहून, खांद्यातून हात फिरवून द्या. आणि टोक जुळवायला ब्रश तोंडात घालू नका. काही रंगद्रव्यांत कॅडमियम आणि कोबाल्ट असतात.

व्हिडिओंबद्दल एवढंच: सुकण्याची वाट बघण्याचा वेळ त्यातून कापलेला असतो, आणि जलरंगात निम्मं कौशल्य त्या वाट बघण्यात आहे. न कापलेली, सलग चित्रण असलेली प्रात्यक्षिकं निवडा आणि चित्राकडे बघण्याआधी चित्रकाराचं कापड आणि ब्रश बघा: तो किती वेळा पाणी टिपतो, कधी हात थांबवतो.

क्लास जरूर लावा, पण वरचे दोन सराव करून, दोनेक महिन्यांनी. तोवर तुमच्याकडे विचारायला नेमके प्रश्न असतील. शिक्षक निवडताना एक बैठक बघायची परवानगी मागा. समोर बसून पूर्ण चित्र करून दाखवणारे, आणि तुमच्या कागदाला हात न लावता शेजारच्या तुकड्यावर चूक समजावणारे शिक्षक चांगले. तुमच्याच चित्रावर चार फटकारे मारून ते ‘छान’ करून देणारे शिक्षक टाळा. घरी न्यायला चित्र मिळतं, हात तिथेच राहतो. छायाचित्रावरूनच सगळी चित्रं करून घेतात का, तेही विचारा. कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि त्यातला परावर्तित उजेड खातो.

बाहेर जाऊन चित्र काढायची वेळ साधारण सहा महिन्यांनी येते. वाईजवळचा मेणवलीचा घाट चित्रकारांच्या आवडीचा आहे तो उगाच नाही: सकाळच्या उन्हात दगडी पायऱ्यांवर उजेड आणि सावली स्वच्छ वेगळी दिसते, विषय आपोआप दोन-तीन टोनमध्ये विभागला जातो. सावल्या सरकत राहतात, म्हणून पोचल्यावर पाच मिनिटांत टोनचा छोटा आराखडा करा आणि नंतर ऊन कितीही बदललं तरी त्या आराखड्यालाच धरून राहा. कागदावर थेट ऊन पडू देऊ नका. डोळे दिपतात आणि सगळे टोन गरजेपेक्षा गडद लावले जातात. उन्हाळ्यात कागदाची मागची बाजू आधी ओली करून ओल्या पाटावर चिकटवली की मंद चमकेचा टप्पा काही मिनिटं जास्त मिळतो. पाणी दोन लिटर न्या, त्यातलं एक पिण्यासाठी वेगळ्या बाटलीत.